सगळ्यांना एकच नियम, तरी तक्रार कशाची?

वाचकाचं पत्र

मी एका कार्यालयात चौदा जणांचा विभाग सांभाळते. जबाबदारी आली तेव्हाच ठरवलं होतं, कोणाचा लाड नाही आणि कोणावर राग नाही. आधीच्या साहेबांच्या मर्जीतल्यांना सगळं माफ असायचं, ते मी भोगलंय. म्हणून नियम केला : तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापणार, मग तो कोणीही असो. एकदा माझीसुद्धा कापून घेतली.

आता एका सहकाऱ्याच्या वडिलांना पक्षाघात झालाय. सकाळी मदतनीस येईपर्यंत त्याला घर सोडता येत नाही, म्हणून तो रोज अर्धा तास उशिरा येतो आणि संध्याकाळी तेवढा जास्त थांबतो. त्याने सवलत मागितली, मी नाही म्हटलं. त्याची रजा कापली जातेय. निम्मा विभाग मला निर्दय म्हणतो. उरलेला म्हणतो, त्याला दिलीत तर आम्हालाही द्या. दुसऱ्या एका सहकारी मुलीला कमी ऐकू येतं. तिला मी कधीही वेगळं वागवलेलं नाही, अगदी सगळ्यांसारखंच. तरी ती नोकरी सोडणार असल्याचं कानावर आलंय.

घरी नवरा म्हणतो, "मी तुला कधी कशाला अडवलं का?" खरंच नाही अडवलं. पण मुलगा-मुलगी कोणीही आजारी पडलं की रजा माझीच पडते. परवा पंधरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबांच्या रजा नेहमी संपलेल्याच कशा असतात?"

आणखी एक विचारते, राग मानू नका. मी मतदानाआधी जाहीरनामे वाचते, उमेदवारांची माहिती काढते. ज्याने एक ओळही वाचलेली नाही त्याचं मत आणि माझं मत सारखंच मोजलं जातं. ही कसली समता? सगळ्यांना सारखं वागवणं म्हणजे समता असेल, तर माझं चुकतंय कुठे?

— सगळ्यांना सारखं वागवणारी

उत्तर

नमस्कार,

स्वतःची रजा कापून घेतल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच करते. नियम करणाऱ्याने त्यातून स्वतःला हळूच वगळायचं, ही फार जुनी खोड आहे. ती तुम्हाला नाही. मर्जीचा कारभार मोडलात हेही योग्यच. १९७३ साली ई. पी. रोयप्पा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी समता आणि मनमानी या एकमेकींच्या हाडवैरी आहेत, अशा अर्थाचं लिहिलं आणि मनमानीची जागा एकछत्री राजाच्या लहरीत दाखवली. तुमच्या आधीच्या साहेबांना ते वर्णन अगदी बसलं असतं.

पण साहेब गेले आणि त्यांच्या खुर्चीत तुम्ही घड्याळ बसवलंत. घड्याळ लाच घेत नाही, कोणाचा भाचा ओळखत नाही, सगळं कबूल. मात्र ते लावताना कोणाचा दिवस डोळ्यांपुढे होता, हे तुम्ही स्वतःला विचारलं नाहीत. ठरल्या वेळेला दारात हजर राहणं ज्याच्या घरी दुसरं कोणीतरी निभावून नेतं, त्याला तुमचा नियम जाणवतही नसेल. ज्याच्या घरी तसं कोणी नाही, तो दर महिन्याला रजेच्या रूपाने दंड भरतोय. कागदावर नियम एकच आहे, पण एकाला तो फुकट पडतो आणि दुसऱ्याला महाग.

अमेरिकेतला एक खटला सांगते, कारण तुमच्या पेचाशी त्याचं जवळचं नातं आहे. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीजकेंद्र होतं. कर्मचारी ९५, त्यांपैकी १४ काळे. केंद्रात पाच विभाग होते आणि काळ्यांना फक्त मजुरांच्या विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार बाकीच्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. १९५५ पासून कंपनीने त्या चार विभागांच्या भरतीत हायस्कूलच्या दाखल्याची अट घातली होती. मग नोकरीतला वर्णभेद बंद करणारा कायदा आला. तो लागू झाला त्याच दिवशी, २ जुलै १९६५ ला, कंपनीने नव्या भरतीसाठी दाखल्याच्या जोडीला दोन लेखी चाचण्याही लावल्या. दाखला आणि चाचण्या सगळ्यांना सारख्याच. त्यांत वर्णाचा उल्लेख कुठेही नाही.

आता १९६० च्या जनगणनेचे आकडे पाहा. त्या राज्यातल्या गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी हायस्कूल पुरं केलेलं होतं, काळ्या पुरुषांपैकी १२ टक्क्यांनी. कारण उघड आहे, मुलांच्या शाळाच कित्येक पिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट ठेवलेल्या होत्या. गंमत म्हणजे अट येण्याआधी लागलेले दाखला नसलेले गोरे कर्मचारी त्याच विभागांत उत्तम काम करत होते. म्हणजे दाखल्याचा आणि कामाचा काही संबंध असल्याचं कंपनीला दाखवता येईना. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की नियम दिसायला सारखा असला तरी पुरत नाही. तो लोकांचा एक अख्खा गट बाहेर ठेवत असेल, तर कामासाठी त्याची गरज काय हे दाखवायची जबाबदारी मालकाची. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांना हे सांगताना कोल्हा आणि करकोचा आठवले. दोघांपुढे दूध ठेवलं एवढ्याने संधी सारखी झाली असं होत नाही, भांडं कसलं आहे तेही पाहावं लागतं. आपल्याकडे पहिलीतल्या पोराला ही गोष्ट येते. ती निकालपत्रात यायला १९७१ साल उजाडावं लागलं.

तुमच्या सहकाऱ्याची गोष्ट वर्णभेदाइतकी भयंकर नाही हे मलाही कळतं, पण विचारायचा प्रश्न तोच आहे : अर्ध्या तासाचा कामाशी संबंध काय? त्या वेळात फोन येत असतील, लोक रांगेत उभे राहत असतील, यंत्र सुरू करायला माणूस लागत असेल, तर संबंध आहे. मग तेवढी तीस मिनिटं कोण सांभाळणार हे ठरवावं लागेल आणि त्या माणसाला बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. तसं नसेल आणि त्याचं काम संध्याकाळपर्यंत केव्हाही होण्यासारखं असेल, तर तुम्ही कामाची शिस्त राखत नसून हजेरीपटाची राखताय.

आता त्या "आम्हालाही हवी" वाल्यांकडे येते. तुम्ही त्यांना स्वार्थी समजत असाल. मी तसं समजत नाही. त्यांच्या पोटात एक रास्त भीती आहे : आज खरी अडचण असलेल्याला सवलत मिळाली, उद्या गोड बोलणाऱ्याला मिळेल आणि परवा जुने साहेब तुमच्या रूपाने परत येतील. या भीतीला इतिहासाचा आधारही आहे. सारख्यांना सारखं द्यावं आणि वेगळ्यांना वेगळं, हे ॲरिस्टॉटलने केव्हाच सांगून ठेवलंय. वाक्य निर्दोष दिसतं. पण काही माणसं जन्मतःच गुलामीच्या लायकीची असतात, हेही ॲरिस्टॉटलचंच मत. कोण कोणासारखा आणि कोण वेगळा, हे ठरवणारा हात कोणाचा आहे यावर सगळं अवलंबून. १८९६ साली अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी आगगाडीचे वेगळे डबे मान्य केले होते, सोयी समान असल्या की झालं म्हणून. शाळांच्या बाबतीत ते तत्त्व मोडायला १९५४ उजाडलं. तेव्हा "प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते हो" असं कोणी म्हणालं की मी आधी पाहते, या वेगळेपणामुळे माणूस आत येतोय की बाहेर ढकलला जातोय.

मग मर्जी नको आणि आंधळं घड्याळही नको, तर काय करायचं? सवलत तुमच्या मनातून काढून कागदावर आणा. कामाची वेळ पुढेमागे करून मागायचा हक्क चौदाही जणांना द्या. कोणत्या कारणांसाठी ती मिळेल ते आधीच लिहून लावा : घरातल्या आजारी किंवा परावलंबी माणसाची देखभाल, स्वतःचं दुखणं, लहान मूल, शिक्षण, आणखी काय ते विभागाला विचारून ठरवा. किती महिन्यांसाठी, फेरविचार कधी, एका वेळी जास्तीत जास्त किती जणांना, हेही लिहा, कारण काम चालायला हवं. नकार द्याल तेव्हा कारण लेखी द्या. आणि तुमचा नकार ज्याला पटला नाही त्याला तुमच्यावरच्या अधिकाऱ्याकडे जाता येईल अशी सोय ठेवा. ही शेवटची अट तुम्हाला टोचेल, पण तीच खरी महत्त्वाची.

माझ्या लेखी समतेचा मुद्दा इथेच आहे. कोणाला किती मिळालं यापेक्षा, मिळवण्यासाठी कोणाला हात जोडावे लागले हे मी आधी पाहते. तुमचा सहकारी तुमच्यापुढे गयावया करून अर्धा तास घेऊन गेला असता, तर त्याचा प्रश्न सुटला असता, पण तो तुमचा मिंधा झाला असता. त्यानंतर तुमच्या एखाद्या चुकीवर तो मीटिंगमध्ये बोलला असता का? तोच अर्धा तास नियमाने मिळाला की तो ताठ मानेने बसतो. बाकीच्यांना तेवढा अर्धा तास मिळाला नाही तरी का मिळाला नाही हे त्यांना ठाऊक असतं आणि उद्या गरज पडली तर कुठे जायचं हेही. फरक माणसं सहन करतात. तोंडावर सांगता न येणारा फरक मात्र त्यांना पचत नाही, आणि पचूही नये.

कमी ऐकू येणाऱ्या मुलीबद्दल तुम्ही "अगदी सगळ्यांसारखंच" असं अभिमानाने लिहिलंय. इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलावं लागेल. तुमच्या मीटिंगमध्ये चौदा माणसं एकदम बोलत असतील, कोणी पाठ करून, कोणी फोनकडे बघत. विनोद होतो, सगळे हसतात, ती अर्ध्या क्षणाने उशिरा हसते. कामाचं महत्त्वाचं बोलणं जाता-येता दारात होतं. या सगळ्यात तिला तुम्ही इतरांसारखंच वागवलंत, म्हणजे तिचं ऐकू न येणं खुशाल तिच्यावर सोडून दिलंत. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानात समतेच्या सगळ्या कैवाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता : समता, पण कशाची? त्यांचा मुद्दा असा की दोन माणसांच्या हातात सारखी साधनं दिली तरी त्यांतून दोघांना सारखं काही करता येईलच असं नाही, आणि अपंगत्व हे त्याचं सर्वांत सरळ उदाहरण. तुम्ही तिला खुर्ची सारखी दिलीत, मीटिंगची वेळ सारखी दिलीत. मीटिंग मात्र दिली नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांच्या करारात याबद्दल स्वच्छ लिहिलंय. एखाद्याला सामावून घेण्यासाठी वाजवी बदल करणं शक्य असेल आणि त्याचा बोजा अवाजवी नसेल, तर तो बदल नाकारणं हाच भेदभाव. भारताचा २०१६ चा कायदाही हीच भूमिका घेतो. म्हणजे इथे तुम्ही उपकार करायला निघालेल्या नाही, देणं चुकतं करताय. आणि बोजा तरी किती? विषयपत्रिका आदल्या दिवशी लेखी पाठवा. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलताना तोंड समोर ठेवायचं. ठरलेलं लगेच लिहून सगळ्यांना पाठवायचं. मला तर वाटतं, यामुळे उरलेल्या तेरा जणांच्याही मीटिंग सुसह्य होतील. पण हे माझे अंदाज झाले. तिला विचारा, एकटीला आणि निवांत. तिच्या वतीने तिची गरज ठरवू नका. तिला यातलं काहीच नको असेल आणि तिसरंच काही हवं असेल. आणि ती खरंच निघाली असेल तर का निघाली, हे ऐकून घेण्याचं धाडस करा.

आता घर. तुमच्या नवऱ्याचं "मी कधी अडवलं का" हे वाक्य मी या सदराच्या पत्रांत इतक्या वेळा वाचलंय की त्याला वेगळी फाइल करावी लागेल. वाक्य खोटं नसतं, म्हणून तर त्याला उत्तर सुचत नाही. अडवलं नाही हे खरंच. पण न अडवल्याने काम वाटलं जात नाही, ते फक्त जिथे पूर्वीपासून पडतंय तिथेच पडत राहतं.

याचा मोठा प्रयोग स्वीडनमध्ये होऊन गेलाय. १९७४ साली त्या देशाने आईची प्रसूतीनंतरची रजा बदलून आई-वडील दोघांची रजा केली. कोणी किती घ्यायची ते दोघांनी ठरवायचं. कायद्याच्या नजरेत आई आणि बाप पूर्ण समान, कोणी कोणाला अडवलेलं नाही. झालं काय? पुढची वीस वर्षं त्या रजेचा फारच मोठा हिस्सा आयाच घेत राहिल्या. घराघरात हिशोब एकच : त्याचा पगार जास्त, त्याच्या साहेबाला चालणार नाही, तू आहेसच ना. अखेर १९९५ साली एक महिना बापासाठी राखून ठेवला. बापाने घेतला नाही तर तो बुडाला, आईला देता येणार नाही. शेजारच्या नॉर्वेने दोन वर्षं आधी हेच केलं होतं. आइसलंडने २०००च्या कायद्याने तीन महिने आईचे, तीन बापाचे आणि तीन दोघांत वाटून घ्यायचे असं ठरवलं. आणि मग बाप रजेवर जाऊ लागले. माणसं रातोरात सुधारली असतील असं मला वाटत नाही. फरक एवढाच की पूर्वी बापाला रजा मागावी लागायची आणि साहेब भुवया उंचावायचा, आता न घेणाऱ्याकडे लोक बघू लागले.

याच आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, पगाराचं आणि घरातलंही. शाळा, पाळणाघरं, कचेऱ्या, कारखाने अडले. बाप पोरांना घेऊन कामावर गेले. पाच वर्षांनी त्या देशाने विग्दिस फिनबोगादोत्तिर या बाईंना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. निवडणुकीतून त्या पदावर आलेल्या त्या जगातल्या पहिल्या बाई. घरातलं काम आणि देशाचं राजकारण यांच्यात भिंत असते असं मानणाऱ्यांनी या पाच वर्षांकडे पाहावं.

तुम्हाला संप करायला सांगत नाही (मोह होतोय, पण नाही). दोघांच्या वर्षभरातल्या रजा एका कागदावर मांडा आणि त्यातल्या मुलांच्या आजारपणासाठीच्या आधीच वेगळ्या काढा, त्याच्या अर्ध्या, तुमच्या अर्ध्या. त्याच्या वाट्याच्या त्याने इतरत्र वापरल्या तर पुढचं आजारपण बिनपगारी का होईना, पण त्याचंच. भांडण होईल ते कागद करतानाच होऊ दे. मूल तापाने फणफणलेलं असताना समतेवर चर्चा होत नसते, तेव्हा ज्याला सवय असते तोच उठतो. लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलंय, तर तिला आणि तिच्या भावाला हा कागद करताना शेजारी बसवा. मुलगाही तिथे हवाच, तो आत्ता बाबांकडे बघून शिकतोय.

उरलं मत. या प्रश्नाचा राग अजिबात आला नाही. तुमच्याआधी फार शहाण्या माणसांनी तो विचारलाय. १८६१ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी शिकलेल्यांना एकापेक्षा जास्त मतं द्यावीत असं सुचवलं होतं, आणि हे गृहस्थ बायकांच्या मताधिकारासाठी भांडणारे, प्रतिगामी नव्हेत. ब्रिटनमध्ये तर १९४८ चा कायदा होईपर्यंत विद्यापीठाच्या पदवीधरांना आपल्या राहत्या मतदारसंघाखेरीज विद्यापीठाच्या मतदारसंघातही मत होतं. तेव्हा तुम्ही कल्पनेतलं काही मागत नाही, हे जगाने करून पाहिलेलं आहे.

अडचण परीक्षेच्या पेपरात नाही, पेपर तपासणाऱ्यात आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे अशी अट आली. ऐकायला किती सभ्य! लुइझियानात १८९८ साली ती आली तेव्हा सोबत एक पळवाटही आली : १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी जो मतदार होता त्याला, त्याच्या मुलाला आणि नातवाला अट माफ. त्या तारखेला तिथल्या काळ्यांना मताधिकारच नव्हता. म्हणजे निरक्षर गोऱ्याला आजोबांच्या पुण्याईवर मत आणि काळ्याला परीक्षा. राज्यातले नोंदलेले काळे मतदार १,३०,००० च्या घरात होते, ते १९०० पर्यंत साडेपाच हजारांच्या आत आले. चाचणी घेणारा कारकून कोणाला कुठला उतारा वाचायला द्यायचा हे स्वतः ठरवायचा. अशा चाचण्यांना खरा चाप लागला तो १९६५ च्या मताधिकार कायद्याने.

तुम्हाला वाटेल, आपण प्रामाणिक परीक्षा घेऊ. समजा घेतली, आणि तुम्ही पास झालात. नापास झालेल्यांवर कर बसेल, पोलीस येतील, त्यांची जमीन रस्त्यासाठी जाईल, आणि त्यांचं म्हणणं ऐकायची गरज कोणालाही राहणार नाही. मत ही हुशारीची पावती नसते. ज्याच्यावर राज्य चालवायचं त्याला मोजावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुरेसा मोठा आहे. मोजणीबाहेर राहिलेल्यांना काय करावं लागतं ते स्वित्झर्लंडच्या बायकांना विचारा. राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना द्यावा का, हे ठरवायला १९५९ साली मतदान झालं. मतदार अर्थातच फक्त पुरुष. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. हक्क मिळाला १९७१ साली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, कर भरणाऱ्या बायका, आणि तरी त्यांना आपलं माणूसपण दुसऱ्यांच्या मतपेटीतून मागून घ्यावं लागलं.

भारताने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून जास्त मतदारांना मत दिलं, तेव्हा साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. नाव वाचता येत नाही म्हणून माणूस गाळला नाही. चिन्हं काढली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. म्हणजे भांडं बदललं. तुम्ही जाहीरनामे वाचता याचा उपयोग मत जड करण्यात नाही, पण दुसरीकडे भरपूर आहे : वाचलेलं चार जणांना सांगा, उमेदवाराला सभेत अडचणीचा प्रश्न विचारा. त्या न वाचणाऱ्यालाही विचारून पाहा. ज्याला पाण्यासाठी पहाटे उठावं लागतं त्याला नळाबद्दल जे कळतं, ते कुठल्याही जाहीरनाम्यात छापलेलं नसतं.

मताच्या समतेवर सगळं भागत नाही हेही खरंच. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी याच विसंगतीबद्दल सावध केलं होतं : राजकारणात एक माणूस एक मत असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतलं अंतर त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागदोपत्री कोणी कोणाला अडवलेलं नव्हतं. तरी २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं, नंतर मार खावा लागला, आणि कोर्टाचा अखेरचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ही घटना तुमच्या रजेच्या भांडणाशेजारी ठेवायचा माझा विचार नाही. पण ठराव करून मोकळं होणाऱ्या सगळ्यांनी, म्हणजे विभागप्रमुखांनीसुद्धा, ती लक्षात ठेवावी. वेळेचा नवा नियम फळ्यावर लावल्यावर तो कोणी वापरतंय का ते तीन महिन्यांनी पाहा. कोणीच अर्ज केला नसेल तर सगळे सुखात आहेत असं समजू नका. बहुधा पहिला अर्ज करायला लोक घाबरत असतील. जमल्यास पहिला अर्ज तुम्हीच करा.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. नवा नियम सांगताना त्या सहकाऱ्याच्या वडिलांचं आजारपण मीटिंगमध्ये उदाहरण म्हणून काढू नका, विभागाला माहीत असलं तरीही. कारण त्याचं आहे, ते सांगायचं की नाही हे तो ठरवेल. तुम्ही फक्त नियम सांगा. आणि त्याची आजवर कापलेली रजा परत करा. नियम आजपासून लागू, मागचं मागे, असं म्हणायचा मोह होईल, पण त्याने अर्ज ज्या दिवशी दिला होता त्या तारखेपासून हिशोब धरा. त्याच काळात इतर कोणाची तशाच कारणासाठी कापली गेली असेल तर त्यांचीही.